आतल्या आत वाळू फिरवणारा फ्लुइडाइज्ड बेड रिॲक्टर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी काडीकचऱ्यापासून जळाऊ गॅस करणारे रिॲक्टर डिझाइन करतो. यवतमाळ-अमरावतीकडून पऱ्हाटीबद्दल (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांबद्दल), भंडारा-गोंदियाकडून धानाच्या तुसाबद्दल आणि नागपूरच्या कॉलेजांतल्या मुलांकडून गणिताबद्दल प्रश्न येतात. दर हंगामात तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. आकडे सगळीकडे एकाच नमुन्यासाठी धरले आहेत : ताशी १०० किलो पऱ्हाटीचे तुकडे, ०.४ मिलिमीटरची वाळू, वाळूच्या थराची उंची साधारण ६० सेंटिमीटर.

१. फ्लुइडाइज्ड बेड म्हणजे नेमकं काय?

वाळूच्या थराखालून हवा सोडली की आधी ती कणांच्या फटींतून निघून जाते आणि थर जागचा हलत नाही. हवा वाढवत नेली की एका वेगाला हवेचा जोर आणि वाळूचं वजन बरोबरीला येतं. मग थर सैल होतो आणि उकळत्या वरणासारखा खदखदू लागतो. त्यात लाकडाचा तुकडा टाकला तर तरंगतो, लोखंडाचा नट टाकला तर बुडतो. वाळू तीच असते, पण वागते पाण्यासारखी.

जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२ मध्ये याच तत्त्वावर कोळशापासून गॅस करण्याचं पेटंट घेतलं. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या बॅटन रूजला पेट्रोल बनवणारा पहिला मोठा फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकर सुरू झाला. म्हणजे हे तंत्र शंभर वर्षांचं आहे. आपल्या भागात ते बहुतेकांना बॉयलरमुळे माहीत असतं.

२. मग "आत वाळू फिरवणारा" म्हणजे काय वेगळं?

यात्रेत फुटाणे भाजणारा बघितला असेल. तो कढईत वाळू तापवतो, हरभरे तिच्यात टाकतो, हरभरे फुटले की चाळणीने वाळू गाळून पुन्हा कढईत घेतो. हरभऱ्याला जाळ कधी लागत नाही. उष्णता वाळू वाहून नेते.

हा रिॲक्टर तेच काम अखंड करतो. एका कप्प्यात पऱ्हाटीने गॅस सोडल्यावर उरलेला कोळसा जळतो आणि वाळू तापते. तापलेली वाळू शेजारच्या कप्प्यात जाते. तिथे हवा नसते, वाफ असते, आणि पऱ्हाटी त्या वाळूच्या उष्णतेवर गॅस सोडते. गार झालेली वाळू उरलेला कोळसा घेऊन पहिल्या कप्प्यात परतते. हे सगळं एकाच भट्टीच्या आत, मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना घडतं, म्हणून "आतल्या आत".

वाळू उंच नळीतून उडवून, सायक्लोनमध्ये (वायू गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या भांड्यात) पकडून बाहेरून परत आणणारे प्रकारही आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग गावात २००२ मध्ये ८ मेगावॉट इंधनक्षमतेचा असा प्लँट उभा राहिला. तिथे उंची मोठी लागते आणि गरम पाइप, सांधे, सायक्लोन हे सगळं आलं. लहान प्लँटला आतला फेरा परवडतो, कारण गरम सांधे कमी आणि उंची कमी. जपानच्या एबारा कंपनीने कचरा जाळण्यासाठी आतला फेराच वापरला.

३. आमचं साध्या भट्टीवर भागतं. एवढी उठाठेव कशाला?

नुसती वाफ किंवा गरम हवा हवी असेल तर करूच नका. धान वाळवायला किंवा उकडायला साधा फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर किंवा चांगली भट्टी पुरते. मी असं सांगून बऱ्याच जणांना परत पाठवलं आहे आणि ते योग्यच होतं.

कस असलेला गॅस हवा असेल तेव्हा याचा विचार करा. हवेवर केलेल्या गॅसमध्ये अर्ध्याच्या आसपास नायट्रोजन येतो आणि एका घनमीटरात साधारण ४ ते ६ मेगाज्यूल उष्णता मिळते. वाफेवर, हवा वेगळी ठेवून केलेल्या गॅसमध्ये १२ ते १४ मिळते. इंजिन नीट चालवायचं असेल, गॅस दूर न्यायचा असेल किंवा त्यातला हायड्रोजन वापरायचा असेल तर हा फरक मोठा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावरावावरांतून पऱ्हाटी पेटवून दिलेली दिसते तेव्हा माझा जीव तुटतो. तरीही गरज तपासल्याशिवाय पैसा घालू नये.

४. कन्हानची किंवा वैनगंगेची वाळू चालेल का?

थंड चाचणीला (आग न लावता नुसती हवा सोडून पाहायला) चालेल. गरम चालवायला चाळून, धुऊन, वाळवून घ्यावी लागेल. बांधकामाच्या वाळूत ०.१ पासून ३-४ मिलिमीटरपर्यंत सगळं असतं. बारीक कण उडून जातात, जाड कण तळाशी बसतात आणि खिडकीजवळ (वाळू जायला भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या भोकाजवळ) साचतात. ०.३ ते ०.५ मिलिमीटरमधला भाग ठेवा. डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये पावडरींचे जे चार गट केले त्यात ही वाळू "बी" गटात येते. ती थर सैल होताच बुडबुडे काढते, चिकटत नाही, वागणं ओळखीचं असतं.

नदीच्या वाळूत शुद्ध गारेबरोबर (क्वार्ट्झबरोबर) फेल्डस्पार आणि अभ्रकही असतं. पऱ्हाटीच्या राखेशी वाळूचं जे वाकडं आहे ते प्रश्न १४ मध्ये सांगितलं आहे.

५. हवेचा वेग कसा काढायचा? आणि गणितात ५-६ सेंटिमीटर आलं, पण प्रत्यक्षात थर हललाच नाही, असं का?

थर सैल होण्याचा किमान वेग काढायला १९६६ चं वेन आणि यू यांचं सूत्र पुरेसं आहे. आधी आर्किमिडीज आकडा काढायचा : कणाच्या व्यासाचा घन, गुणिले वायूची घनता, गुणिले कण आणि वायूच्या घनतेतला फरक, गुणिले गुरुत्वाकर्षण, भागिले वायूच्या स्निग्धतेचा (व्हिस्कॉसिटीचा) वर्ग. त्याला ०.०४०८ ने गुणा, त्यात ३३.७ चा वर्ग मिळवा, बेरजेचं वर्गमूळ घ्या आणि त्यातून ३३.७ वजा करा. हा रेनॉल्ड्स आकडा. त्यावरून वेग निघतो.

आपल्या ०.४ मिलिमीटरच्या वाळूसाठी २५ अंशाला उत्तर येतं सेकंदाला सुमारे १२.७ सेंटिमीटर, आणि ८०० अंशाला सुमारे ५.६ सेंटिमीटर. गरम हवा दाट होत नाही, उलट पातळ होते, पण तिची स्निग्धता वाढते. एवढ्या बारीक वाळूला ती स्निग्धताच उचलते.

ज्या मुलाचा थर हलला नाही त्याने गरमचा आकडा धरून ब्लोअर घेतला होता. शिवाय गरम होताना हवा साडेतीन पटीहून जास्त फुगते, म्हणजे गरम चालताना ब्लोअरने द्यायची हवा थंडीच्या मानाने आठव्या भागाएवढीच लागते. ब्लोअर थंड सुरुवातीच्या हिशेबाने घ्या आणि चालताना व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाने) कमी करा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४६ अंशाला हवा २५ अंशाच्या मानाने ६-७ टक्के हलकी असते. तेवढी सूट वर ठेवा.

६. वाळू फिरते कशाने? आत पंखा, स्क्रू काहीच दिसत नाही.

दाबाच्या फरकाने. या पानावरची बाकी सगळी उत्तरं यावर उभी आहेत, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

जाळणाऱ्या कप्प्यात हवा किमान वेगाच्या ५-६ पट सोडतात. थर फुगतो, पोकळी ६० टक्क्यांवर जाते, आणि त्या थराचं वजन घनमीटरमागे सुमारे १०४० किलो राहतं. गॅसच्या कप्प्यात आणि दोहोंमधल्या उतरत्या वाटेत वायूचा वेग कमी, किमान वेगाच्या दुपटीपर्यंतच असतो. तिथे पोकळी ४५ टक्के आणि वजन १४३० किलो. ६० सेंटिमीटर उंचीला हा ३९० किलोचा फरक धरला तर तळाशी सुमारे २३०० पास्कलचा, म्हणजे पाण्याच्या २३५ मिलिमीटरचा फरक पडतो. जड बाजूची वाळू तळाच्या खिडकीतून हलक्या बाजूला शिरते.

फेरा असा : जाळणाऱ्या कप्प्यात फुगलेली वाळू उतरत्या वाटेकडच्या भिंतीच्या धुऱ्यावरून (वरच्या कडेवरून) ओसंडते. वर्कशॉपमध्ये आम्ही त्याला धुराच म्हणतो. ती उतरत्या वाटेत पडते, वाटेच्या तळाच्या पहिल्या खिडकीतून गॅसच्या कप्प्यात जाते, आणि तिथून दुसऱ्या खिडकीतून पुन्हा जाळणाऱ्या कप्प्यात. दाबाचा फरक दोन्ही खिडक्यांत मिळून खर्च होतो.

७. वाळू किती फिरली पाहिजे?

हे उष्णता ठरवते. ताशी १०० किलो पऱ्हाटी, किलोला १६ मेगाज्यूल धरली तर ४४४ किलोवॉट इंधन आत जातं. गॅसच्या कप्प्याला त्यातली १५ टक्क्यांच्या आसपास उष्णता बाहेरून द्यावी लागते, ६५ किलोवॉट धरू. वाळूचा एक किलो एका अंशाने गार होताना १.१ किलोज्यूल देतो. दोन कप्प्यांत ८० अंशांचा फरक ठेवला तर एका किलोमागे ८८ किलोज्यूल मिळाले. म्हणजे सेकंदाला ०.७४ किलो, तासाला जवळजवळ २७०० किलो वाळू. एक किलो पऱ्हाटीमागे २७ किलो वाळू!

हा आकडा ऐकून लोक चमकतात. पण गॅसच्या कप्प्याचं क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर आणि जाळणाऱ्याचं ०.५ धरलं तर थरात एकूण ९०० किलो वाळू असते. म्हणजे एक कण पूर्ण फेरा मारायला सुमारे २० मिनिटं घेतो. घाई अजिबात नाही. ०.७ चौरस मीटरही हवेतून आलेलं नाही : ताशी ६० किलो वाफ ८०० अंशाला सुमारे २९० घनमीटर होते आणि ती सेकंदाला ११-१२ सेंटिमीटर वेगाने जाऊ द्यायची आहे.

८. खिडकी केवढी ठेवायची?

खिडकीतून जाणारी वाळू पाण्याच्या भोकासारखीच मोजतात. थराची घनता गुणिले दाबाचा फरक गुणिले दोन, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.६ च्या आसपासचा गुणांक, गुणिले खिडकीचं क्षेत्रफळ. एका खिडकीच्या वाट्याला ११३० पास्कल आले तर चौरस मीटरमागे सेकंदाला सुमारे १०८० किलो वाळू जाते. आपल्याला हवी ०.७४. म्हणजे खिडकी फक्त ७ चौरस सेंटिमीटर!

कागदावर हे बरोबर आहे, वावरातल्या मालासाठी चूक. माझ्या पहिल्या रिॲक्टरमध्ये मी २० सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन मिलिमीटर उंच फट ठेवली होती. गणित तंतोतंत होतं. चिमट्याने उपटलेली पऱ्हाटी मुळांसकट येते, मुळांना काळी माती आणि मातीत खडे. चौथ्या तासाला गॅसचा कप्पा गार पडू लागला आणि जाळणारा लालभडक झाला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर फटीच्या तोंडाशी वाटाण्याएवढे खडे ओळीने अडकलेले, त्यांच्यामागे कोळशाची बोंडं, आणि सगळ्यांवर वाळू दाबून बसलेली. बोटाने एकेक खडा काढताना मला माझी चूक समजली.

तेव्हापासून खिडकी ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवत नाही, आणि सर्वांत मोठ्या तुकड्याच्या किमान अडीच-तीन पट तरी ठेवतोच. अशी खिडकी पूर्ण दाबाला सेकंदाला २.७ किलो सोडू शकते, गरजेच्या साडेतीन पट. जास्तीचं नियंत्रण खिडकीपाशी वेगळ्या नळीने दिलेल्या थोड्या वाफेवर करायचं : वाफ वाढवली की वाळू जास्त, बंद केली की वाळू आवळते. मुळं तोडून टाका, तुकडे चाळणीवर घ्या आणि तळाला खडे काढायची नळी ठेवा.

९. मधली भिंत बरी की मधोमध नळी?

मधोमध ड्राफ्ट ट्यूब असलेला गोल रिॲक्टर बनवायला सोपा आहे. नळीत वेग जास्त, भोवती कमी, वाळू नळीतून वर आणि बाजूने खाली. नळीचं खालचं तोंड आणि हवा सोडणारी तळाची जाळी यांतलं अंतर हीच तुमची खिडकी. एकाच प्रकारच्या वायूवर काम असेल, जसं वाळवणं, भाजणं किंवा फक्त हवेवर गॅस करणं, तर हाच घ्या. दोन बाजूंचे वायू वेगळे ठेवायचे असतील तर भिंतीचा चौकोनी रिॲक्टर बरा, कारण भिंत छतापर्यंत नेता येते. नळी तापून लांब होते हेही लक्षात ठेवा. तिला वरून मोकळी टांगा, दोन्हीकडे वेल्ड करू नका.

१०. खालच्या जाळीला भोकं पाडली तर चालतील ना?

थंड मॉडेलला चालतील. गरम रिॲक्टरला नोझल लावा, बाजूने २-३ मिलिमीटरची भोकं असलेले, म्हणजे बंद पडल्यावर वाळू खाली पडत नाही. जाळीवरचा दाबाचा तोटा थराच्या तोट्याच्या २० ते ४० टक्के ठेवा. कमी ठेवला तर हवा एका कोपऱ्यातून फुटून जाते आणि बाकी थर मेल्यासारखा पडून राहतो. प्रत्येक कप्प्याला हवेची स्वतंत्र पेटी हवी. एकाच पेटीवर दोन कप्पे चालवायचा प्रयत्न मी पाहिला आहे, आणि हवा नेहमी हलक्या थराकडे पळाली.

११. एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात गेला तर?

वाळूच्या फटींत अडकून जाणारा वायू थोडा असतो. आपल्या नमुन्यात ताशी जेमतेम १ घनमीटर. खरी गळती दाबाच्या फरकाने होते. तिची दिशा महत्त्वाची : गॅस जाळणाऱ्या कप्प्यात गेला तर थोडा गॅस वाया जातो, पण हवा गॅसच्या कप्प्यात आली तर गॅस पातळ होतो आणि ऑक्सिजन वाढला तर धोका होतो. म्हणून उतरत्या वाटेला फुगवण्यासाठी हवा न देता वाफ द्या, आणि वाट कायम वाळूने भरलेली ठेवा. ती भरलेली वाळू हेच सील आहे. ते कधी फुटतं ते प्रश्न १७ मध्ये.

१२. थंड मॉडेल खरंच लागतं का? थेट भट्टी बांधली तर?

लागतंच. वाळू किती फिरते हे मोजल्याशिवाय मी कोणालाही आग लावू देत नाही.

८-१० मिलिमीटरच्या ॲक्रेलिकची पेटी करा, आतली मापं खऱ्या रिॲक्टरइतकी किंवा निम्मी. वेग तोच न ठेवता किमान वेगाच्या जितक्या पट गरम चालवणार तितकेच पट ठेवा, कारण किमान वेग थंडीत वेगळा असतो (प्रश्न ५). एक घमेलंभर वाळू गेरूच्या पाण्यात कालवून उन्हात वाळवा. रिॲक्टर चालू असताना उतरत्या वाटेच्या वरून ती ओता. ॲक्रेलिकमागे तांबडा पट्टा खाली सरकताना दिसतो. भिंतीवर ३० सेंटिमीटर अंतराच्या दोन रेघा ओढा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पट्ट्याला १२ सेकंद लागले तर वेग अडीच सेंटिमीटर. वाट २०० चौरस सेंटिमीटरची असेल आणि घनता १४३० धरली तर सेकंदाला ०.७१ किलो. भिंतीला चिकटून चालणारी वाळू आतल्यापेक्षा किंचित सावकाश जाते, म्हणून खरा आकडा याहून थोडा जास्त असतो.

हवा बदलत दहा-बारा वेळा मोजा आणि आलेख काढा. एका पातळीनंतर हवा वाढवूनही वाळू वाढत नाही, तिथे खिडकी किंवा धुरा अडवतोय. तो वाकलेला आलेख हातात आला की डिझाइनचं निम्मं काम झालं.

१३. भट्टी गरम असताना वाळू फिरतेय हे कसं कळणार?

दोन थर्मोकपल (तापमान मोजायला) आणि दोन मॅनोमीटर (दाबाचा फरक मोजायला) यांवरून. दोन्ही कप्प्यांतला तापमानाचा फरक स्थिर असेल तर फेरा नीट आहे. वाळू थांबली तर गॅसच्या कप्प्यातली ६०० किलो वाळू ६५ किलोवॉटने गार होऊ लागते, म्हणजे मिनिटाला सुमारे ६ अंश, आणि त्याच वेळी जाळणारा कप्पा चढतो. दोन काटे एकमेकांपासून दूर पळताना दिसले की आधी इंधन बंद करा, मग कारण शोधा. मॅनोमीटरच्या नळीत वाळू शिरू नये म्हणून तिच्यात थोडी हवा कायम सोडा. गॅसच्या बाजूला हवेऐवजी नायट्रोजन.

१४. पऱ्हाटीवर चालवलं की वाळूच्या गाठी होतात. उपाय काय?

पऱ्हाटीच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. वाळूतली गार आणि पोटॅशियम मिळून जो काचेसारखा पदार्थ होतो तो ७५० अंशांच्या पुढे वितळू लागतो. कण एकमेकांना चिकटतात. बाहेर काढलेला गोळा राजगिऱ्याच्या वडीसारखा दिसतो, प्रत्येक कण वेगळा ओळखू येतो आणि तरी हाताने फुटत नाही. एकदा सुरू झालं की थर मरतो, मेलेल्या जागी तापमान आणखी चढतं आणि काही मिनिटांत सगळा बेड दगड होतो.

इथे प्रश्न ७ चं गणित परत येतं. गॅसच्या कप्प्याला ७६० अंश हवेत आणि फरक ८० ठेवला तर जाळणारा ८४० वर जातो. गाठी तिथेच होतात. फरक ४० वर आणा, म्हणजे जाळणारा ८०० वर राहील, पण मग वाळू दुप्पट फिरवावी लागेल, सेकंदाला दीड किलो. म्हणूनच मोठी खिडकी पऱ्हाटीसाठी दुहेरी कामाची आहे. फेरा वाढवणं हा माझा पहिला उपाय. दुसरा, वाळूत डोलोमाइट किंवा केओलिन (चिनी माती) मिसळणं, किंवा गारेची वाळू सोडून ऑलिव्हिन या वेगळ्या खनिजाची वाळू घेणं. तिसरा, रोज थोडी जुनी वाळू काढून नवी भरणं. अवकाळी पावसाने धुतलेल्या पऱ्हाटीतून पोटॅशियम आणि क्लोरीन बऱ्यापैकी निघून जातं. ती नीट वाळवून वापरली तर गाठी कमी होतात.

१५. तूस नुसतंच का नाही फिरत? राख काळी येते की पांढरी, त्याने काय फरक पडतो?

तूस हलकं, होडीसारखं आणि एकमेकांत अडकणारं असतं. हवा त्यातून बोगदा करून निघून जाते. वाळूत मिसळलं तरच चालतं, आणि तेही थराच्या पृष्ठाखालून स्क्रूने ढकललं तर. वरून टाकलं तर वरच तरंगून जळतं. १०० किलो तुसातून १८-२० किलो राख येते आणि ती जवळजवळ सगळी सिलिका असते, म्हणून सायक्लोन मोठा घ्या. पोटॅशियम कमी असल्याने गाठींचा त्रास पऱ्हाटीपेक्षा कमी.

काळी राख म्हणजे कार्बन राहिला, फेरा किंवा हवा कमी पडली. पांढरी म्हणजे पूर्ण जळली, पण फार तापवलेल्या राखेतली सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुफ्फुसाला घातक असते. राख काढणाऱ्या माणसाला साधा रुमाल नको, चांगला मास्क द्या.

तुराट्यांचे तुकडे पऱ्हाटीसारखेच चालवा. सोयाबीनचं कुटार मात्र हलकं आहे, ते तुसासारखं खालून द्या.

१६. भारनियमनात वीज गेली तर?

वाळू खाली बसते, पण गरमच राहते, आणि तिच्यात अडकलेली पऱ्हाटी गॅस सोडत राहते. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि १२०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १२०० भाग) तो जिवावर बेततो. म्हणून वीज गेली की इंधनाचा फीडर आपोआप बंद झाला पाहिजे, गॅस फ्लेअरकडे (जादा गॅस जाळून टाकणाऱ्या नळीकडे) वळला पाहिजे, आणि वाफेची झडप हाताने उघडता आली पाहिजे. झाकण उघडून "काय झालं बघू" हे कधीच करू नका. शेडच्या भिंती मोकळ्या ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावा.

परत सुरू करताना क्रम पाळा : आधी उतरत्या वाटेची वाफ, मग गॅसचा कप्पा, शेवटी जाळणाऱ्या कप्प्याची हवा. उलटं केलं तर जाळणारा कप्पा आपली वाळू बसलेल्या वाटेवर फेकत राहतो आणि स्वतः रिकामा होतो.

वाफेसाठी बॉयलर लागणारच. २५ लिटरपेक्षा कमी धारणेचं किंवा चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा कमी दाबाचं भांडं बॉयलरच्या व्याख्येत येत नाही. त्यापुढे १९२३ च्या कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा बॉयलर कायदा लागू होतो आणि निरीक्षकाची परवानगी लागते. या रिॲक्टरला कमी दाबाची वाफ पुरते.

१७. सगळं नीट चालू होतं, खिडकी मोकळी होती, तरी उतरत्या वाटेतून गॅस उलटा फुटला. असं का झालं?

गॅस बाहेर जायची वाट तुंबली होती का ते आधी बघा. कूलर किंवा फिल्टरमध्ये डांबर साचलं की गॅसच्या कप्प्यात वरचा दाब चढतो. तो दाब वाळूला दुसऱ्या खिडकीतून जास्त ढकलतो आणि पहिल्या खिडकीतून येऊ देत नाही. उतरत्या वाटेतली वाळू काही काळ झेलते. तिच्या उंचीचा दाब कमी पडला की गॅस तिच्यातून वर फुटून जाळणाऱ्या कप्प्यात जातो. तिथे अचानक ज्वाळा दिसते ती हीच.

वाट धुऱ्यापर्यंत भरलेली नसेल तर हे आणखी लवकर होतं. वाळू झिजून, बारीक होऊन सायक्लोनमधून रोज थोडी जाते. ९०० किलोंतले ५०-६० किलो गेले की थर धुऱ्याखाली येतो, ओसंडणं थांबतं आणि वाट रिकामी होते. त्यामुळे रोज सकाळी थंड असताना थराची उंची सळईने मोजून वहीत लिहा, आणि दोन्ही कप्प्यांच्या वरच्या भागांना जोडणारा एक मॅनोमीटर कायम लावून ठेवा. त्याचा फरक ३०-४० मिलिमीटर पाण्यापुढे जाऊ लागला की गॅसचा फिल्टर बदलायची वेळ झाली.

१८. लहान मॉडेल छान चाललं. मापं दुप्पट केली तर मोठा रिॲक्टर तयार ना?

नाही. मापं दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि इंधनही चौपट, पण एका फीडरमधून आलेली पऱ्हाटी सगळ्या थरात पसरायच्या आधीच गॅस सोडून मोकळी होते. दर एक-दोन चौरस मीटरला एक फीडर धरा आणि एक मोठी खिडकी न करता भिंतीच्या लांबीभर दोन-तीन खिडक्या करा. उंची दुप्पट करू नका. ६० सेंटिमीटरच्या थराला जाळीसकट हजार-बाराशे मिलिमीटर पाण्याचा ब्लोअर लागतोच, त्याच्या दुप्पट दाबाचा ब्लोअर आणि त्याचं वीजबिल लहान मिलला झेपत नाही.

उलट बाजूनेही फसगत होते. १५ सेंटिमीटरच्या नळीत बुडबुडा नळीएवढाच होतो आणि वाळू पिस्टनसारखी वरखाली आपटते. तिथला फेऱ्याचा आकडा मोठ्या रिॲक्टरला लावता येत नाही. ४० सेंटिमीटरपेक्षा अरुंद मॉडेलवर घेतलेली मोजणी मला पाठवली तर मी ती पुन्हा घ्यायला सांगतो, या वेळी रुंद पेटीत.